खंडारे काकांची ट्रायल

खंडारे काका माझ्या मुलीला काहीही खायला देण्याआधी स्वतःचे दात काढून ठेवतात. वरचे आणि खालचे, दोन्ही. त्यासाठी त्यांच्या कुर्त्याच्या खिशात झाकणाची एक छोटी स्टीलची डबी असते. डबी उघडतात, दात आत, झाकण बंद, डबी परत खिशात. मग प्लेटमधला उकडलेल्या भोपळ्याचा एक तुकडा उचलतात, डोळे मिटतात आणि नुसत्या हिरड्यांनी तो दाबायला लागतात. गाल आत जातात, हनुवटी नाकाला भेटायला निघते. समोर उंच खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली माझी रेवा, वय महिने दहा, दात दोन, हा सगळा प्रकार तोंड उघडं टाकून बघत असते. शेवटी काका डोळे उघडतात आणि उजव्या हाताचा अंगठा वर करतात. मतलब पास. मगच तो आयटम रेवाच्या पुढ्यात येतो.

दात नसताना काका एक अक्षर बोलत नाहीत. बिनदाताचं बोलणं फौजी माणसाला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळा कारभार खुणांवर. अंगठा वर म्हणजे पास, अंगठा खाली म्हणजे फेल, आणि बोट हवेत गोल फिरवलं की परत उकडा.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी न राहवून विचारलंच, "काका, दात का काढता पण?"

काकांनी सावकाश दात बसवले, रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी येडपटासारखं विचारलंय. "बेटा, जवानापाशी जितकी हत्यारं, टेस्टरपाशी बी तितकीच पाहिजेत. दात घालून टेस्ट केली तर ती माझी टेस्ट झाली. तिची कुठं झाली?"

मी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. समोरच्याच्या बोलण्यात चूक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि ती सापडली की समोरच्याला चैन पडू देत नाही. यात मला चूक सापडली नाही. उलट रेवाला दोन दात आहेत आणि काकांना एकही नाही, म्हणजे टेस्ट जरा कडकच होते, असं वर मीच समीरला समजावलं. समीर माझा नवरा. तो म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांना सापडलात, बाकीच्यांनी जपून राहावं."

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमची आणि काकांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. सकाळी साडेसहाला काका फाटकाशी उभे राहून "जय भीम!" असा खणखणीत आवाज टाकतात, समीर पीथमपूरच्या कारखान्याच्या बसकडे पळता पळता "जय भीम, काका!" म्हणतो, आणि आमच्या गल्लीतली घड्याळं लावली जातात. काकांचे आजोबा महूला फौजेत, वडील महूला फौजेत, आणि काकाही हवालदार होऊन निवृत्त झाले. लढाई बघितली का विचाराल तर, "मी लंगर बघितला," असं छाती काढून सांगतात. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. तिथं रीत अशी की, जेवण पंगतीत जाण्याआधी एका माणसानं चाखायचं. त्याला काही झालं नाही, तरच बाकीच्यांना वाढायचं. तो एक माणूस म्हणजे खंडारे काका. "तीनशे जवान माझ्यानंतर जेवायचे. कर्नलसाब बी. ट्रायल झाल्याशिवाय इश्यू नाही!"

हे वाक्य ते दिवसातून किमान दहा वेळा म्हणतात. दूधवाल्याला म्हणतात, गॅसवाल्याला म्हणतात. एकदा तर लग्नाचं स्थळ बघायला निघालेल्या समोरच्या मुलाला म्हणाले. त्याच्या आईनं पुढचे दोन महिने काकांशी बोलणं टाकलं होतं.

घरात काका आणि सुमन काकू, दोघंच. काकूंना दीड वर्षापूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ थांबलं. आता धरून धरून चालतात, पण कुणासमोर येत नाहीत. आधी याच काकू भिंतीवरून माझ्याशी तासतास बोलायच्या, माझ्या आमटीला नावं ठेवायच्या. आता त्यांच्या खिडकीचा पडदा ओढलेला असतो. "आराम करून राहिली," काका सांगतात आणि विषय बदलतात. मीही फार विचारत नसे. खरं सांगते, मला माझंच झालं थोडं होतं.

झालं होतं असं. रेवा आठ महिन्यांची असताना तिच्या खिचडीत भाताचा एक गोळा राहिला. तिला ओकारी आली, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, खोकला. माझी पाचावर धारण बसली. मी तिला उचललं आणि अनवाणी रिक्षात बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगी रिक्षावाल्याकडे बघून हसायला लागली होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "अहो, खोकतेय, आवाज करतेय, म्हणजे श्वास चालू आहे. घास मागे गेला तर मूल असंच तो पुढे ढकलतं. असंच शिकतात ती. आवाज बंद झाला, तर मात्र घाबरायचं." मग लहान मुलाच्या घशात काही अडकलं तर पालथं धरून पाठीवर थापट्या कशा मारायच्या, तेही करून दाखवलं. वर बजावलं, की आता पातळ देत बसू नका, बोटाएवढे मऊ तुकडे तिच्या हातात द्या, उशीर केलात तर नंतर तोंडातच घेणार नाही.

मी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन चाळणी काढली.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळं चाळणीतून जायला लागलं. खिचडी, वरण, गाजर, सफरचंद. एकदा मी ताक गाळताना समीरनं मला पकडलं. मी म्हटलं, "तू गप्प बस, तू नव्हतास त्या दिवशी." दहाव्या महिन्यापर्यंत रेवा फक्त माझ्या हातानं, फक्त माझ्या मांडीवर, फक्त पाण्यासारखं खायची. जरा जाडसर लागलं की जिभेनं बाहेर.

आणि शाळा उघडायला उरले होते तीन आठवडे. माझी सगळी रजा संपली होती, बिनपगारी सुद्धा. पाळणाघरवाल्या ताईंनी एका वाक्यात सांगितलं, "आमच्याकडे सात मुलं आहेत, एकीला मी गाळून गाळून भरवत बसले तर बाकी सहा उपाशी राहतील. हातानं मऊ तुकडे खायला लागली की आणा." मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, पहिल्या दिवशी आलात तर वर्ग तुमचे, नाहीतर दुसरी टीचर तयार आहे. म्हणजे रेवानं तीन आठवड्यांत खायला शिकायचं, नाहीतर मी नोकरी सोडायची. मला माझी नोकरी आवडते हो. दहावीच्या वर्गात खडू हातात घेतला की मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते. ते मला सोडायचं नव्हतं.

अशीच एका सकाळी मी घरापुढच्या ओट्यावर बसून भोपळा चाळत होते आणि चाळता चाळता रडत होते. भिंतीवरून आवाज आला. "काय करून राहिली, बेटा?"

"रेवाचं जेवण गाळतेय, काका."

काकांनी टाचा उंच करून चाळणीत बघितलं. "जवानाला दात किती?"

"दोन."

"हिरड्या?"

"हिरड्या म्हणजे... दोन्ही आहेत की."

"मग? हिरडी म्हणजे खाली हाथ नाही, बेटा! हिरडी म्हणजे पूरी पलटण." आणि संध्याकाळी काका डबी खिशात घालून हजर.

आता काकांची एक अडचण होती. त्यांना थोडं शिजवता येत नाही. आयुष्यभर तीनशेंचा हिशेब, हात लहान होणार कसा! पहिल्या दिवशी रेवासाठी म्हणून त्यांनी अख्खा लाल भोपळा उकडून आणला. बोटाएवढे लांब, एकसारखे तुकडे, परातभर. रेवानं त्यातला एक उचलला, मुठीत चिरडला, केसांना लावला. बाकीचा भोपळा आम्ही आठवडाभर खाल्ला. भोपळ्याचे पराठे, भोपळ्याचं रायतं, भोपळ्याचा हलवा. कारखान्यात समीरचा डबा उघडला की आजूबाजूचे लोक "कद्दू भिया" म्हणायला लागले. भिया म्हणजे इंदुरी भैया.

मग रोज एक ट्रायल. गाजर : फेल, मध्ये काठी राहते. इडली : फेल, हिरडीला चिकटते. पोळी : फेल, लाळेत गोळा होतो. रताळं : पास. उकडलेलं अंडं : पास, पण पिवळं कोरडं, सोबत पाणी ठेवणे. गिलकी, म्हणजे घोसाळं : पास, साल काढून. केळं पास झालं, पण रेवाच्या हातातून निसटायचं. काकांनी यावर दोन रात्री विचार केला आणि लालबागच्या मेळ्यातून लाटालाटांच्या पात्याचा एक चाकू घेऊन आले. त्यानं कापलं की केळ्याला खाचा पडतात, पोराची बोटं त्यात बसतात. दुकानदार काकडीवर करून दाखवत होता. काका म्हणाले, "काकडी नहीं चलेगी," आणि पिशवीतून घरून नेलेलं केळं काढून त्याच्या हातात दिलं. मग तिथंच, लोकांसमोर, डबी काढली. दुकानदारानं चाकू पाच रुपये कमी करून दिला आणि "भिया, पुढे व्हा," म्हणाला.

रेवा बसायची कशी, तेही काकाच ठरवणार. टेकून नाही, आडवी नाही, खेळता खेळता तर नाहीच. "जवान, सावधान!" म्हटलं की मी तिची पाठ सरळ करायची, पाय खाली टेकवायचे. ती खात असताना मी फोन उचलायचा नाही. एकदा माझ्या आईचा फोन आला तर काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि "मॅडम बॉर्डरवर आहे," असं सांगून ठेवून दिला. आई दोन तास रडत होती.

दोन आठवडे झाले. रेवा सगळं चिरडायला शिकली, फेकायला शिकली, काकांच्या टकलावर रताळं लावायला शिकली. चाटायचीही. पण गिळलं काही नाही. तोंडात गेलं की लगेच बाहेर. आणि ते बाहेर येण्याआधी, खरं सांगायचं तर, माझंच बोट तिच्या तोंडात गेलेलं असायचं. काका बोट गोल फिरवायचे. परत. रोज परत. मी चिडायचे, "काका, नाही खाणार ही! बघताय ना?" काका दात बसवून म्हणायचे, "जवान भूखा नहीं तर नाही खाणार. तू तिच्या तोंडाकडे असं बघते, जसं काही तोफ लागली आहे समोर."

मग तो रविवार आला.

समीर घरी होता, ओट्यावर पोह्यांची प्लेट घेऊन बसला होता. शेजारी शेवेचा डबा, जीरावनचा डबा. जीरावन म्हणजे आमच्याकडचा तो आंबट-तिखट मसाला, जो इंदूरचा माणूस पोह्यांपासून पेरूपर्यंत सगळ्यावर शिंपडतो. काकांनी उकडलेल्या बटाट्याची ट्रायल घेतली. अंगठा वर. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, मुद्दाम लांब. रेवानं एक फोड उचलली, तोंडात घातली, हिरड्यांनी दाबली. दाबली, दाबली, आणि घशाची ती इवलीशी हालचाल झाली. गिळलं! पोरीनं गिळलं हो! समीर ओरडला, मी ओरडले, समोरची बाई कपडे वाळत घालताना थांबून टाळ्या वाजवायला लागली. काकांनी दुसरी फोड उचलली, रेवाच्या पुढ्यात ठेवली, आणि त्यांचा डावा हात गेला डब्याकडे आणि भुरभुर जीरावन!

मी पोचेपर्यंत फोड तोंडात गेली होती. रेवानं डोळे मिटले, नाक आकसलं, अंग शहारलं, तीन शिंका दिल्या, आणि भोकाड पसरलं.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मी काय बोलते ते मला नंतर समीरकडून कळतं. त्यानं सांगितलं ते असं, की मी म्हटलं, "रोज पास-फेल, पास-फेल, जगाला शिकवता आणि दहा महिन्यांच्या पोरीला मसाला चारता? तुमच्या भरवशावर राहिले, हीच माझी चूक. उद्यापासून येऊ नका." असं मी म्हटलं. पासष्टीच्या माणसाला.

काकांचे दात डबीत होते. त्यांनी पाठ फिरवून दात बसवले. मग म्हणाले, "टेस्टके बाद मालमें छेड़छाड़. गुन्हा आहे. माझा गुन्हा आहे." रेवाला सलाम केला आणि फाटक लावून गेले.

डॉक्टरांना फोन केला तर ते हसत सुटले. म्हणाले, पाणी पाजा, इंदूरची मुलगी आहे, आज ना उद्या खाणारच होती. रेवा तोपर्यंत समीरच्या प्लेटमधल्या शेवेकडे हात करत होती. म्हणजे रडत होते ती आता मी एकटीच.

सोमवारी सकाळी "जय भीम" आला नाही. समीरची बस चुकली. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी स्वतः बटाटा उकडला, रताळं उकडलं, काकांच्याच मापानं कापलं. रेवानं हात लावला नाही. प्लेट समोर ठेवली की ती फाटकाकडे बघायची. कुणीतरी आधी चाखल्याशिवाय खायचं नसतं, एवढं तिला पक्कं कळलं होतं. शेवटी मी दातांसकट नाटक करून बघितलं, अंगठाही दाखवला. पोरीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की माझी मलाच लाज वाटली. शाळा येत्या सोमवारी उघडणार होती.

गुरुवारी सकाळी रेवाला कडेवर घेतलं आणि निघाले. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागच्या अंगणातून गेले. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी हाक मारणार, तेवढ्यात आतलं दिसलं.

आतल्या खोलीत टेबलाशी सुमन काकू बसल्या होत्या. गळ्याभोवती पंचा. किती वाळल्या होत्या! समोर स्टुलावर काका. मध्ये प्लेट, प्लेटमध्ये भोपळ्याचे बोटाएवढे तुकडे. काकांनी डबी काढली, दात ठेवले, एक तुकडा उचलला, डोळे मिटले. तेच सगळं. मग अंगठा वर केला.

काकूंनी मान हलवली. नाही. डाव्या हातानं प्लेट सरकवली आणि पेल्याकडे बोट केलं. पेल्यात गाळलेलं काहीतरी होतं, पाण्यासारखं.

काकांचा अंगठा जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी दात बसवले. "ठीक आहे, सुमन. उद्या बघू. पातळ गरम करून आणतो." आवाजात राग नाही, कंटाळा नाही, काही नाही.

प्लेट आणि पेला घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी मला बघितलं. मी पळूनही जाऊ शकले नाही. त्यांनी हळूच दार उघडलं, बाहेर आले.

"काका, मी माफी मागायला आले होते," मी म्हटलं. "फार वाईट बोलले मी. चुकलं माझं." आणि मग विचारलंच, "काकूंना चालतं का असं खाल्लेलं?"

"डॉक्टरनं मागच्या सालीच हो म्हटलं. घशाची तपासणी झाली. गिळणं ठीक आहे, मऊ तुकडे द्या म्हणाला." काका प्लेटकडे बघत बोलत होते. "पण दवाखान्यात एकदा तिला पाण्याचा ठसका लागला, जीव घाबरा झाला. तेव्हाची भीती बसली. एक सालपासून रोज पास करून राहिलो, बेटा. रोज एक आयटम. खात कुणी नाही. मग एक दिवस तू भिंतीपल्याड चाळणी घेऊन बसलेली दिसली. मी म्हटलं, ही बी आपल्याच घरातली दिसते." त्यांनी रेवाच्या पायाला बोट लावलं. "रविवारी तुझ्या जवानानं गिळलं ना. माझा पास केलेला माल किती दिवसांनी कुणीतरी खाल्ला. मग मला काही सुचलं नाही. हात गेला डब्याकडे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर भिंतीपलीकडे हे चाललं होतं, आणि मी फक्त माझीच चाळणी बघत होते.

एवढ्यात रेवानं कडेवरून अंग झोकून दिलं. भोपळा दिसला होता तिला, काकाही दिसले होते. दोन्ही हात पुढे. मी तिला सावरलं आणि का कोण जाणे, म्हणून गेले, "काका, हिला आत बसवू का? काकूंच्या समोर?"

"सुमनला आवडत नाही कुणी..." ते थांबले. "विचारून येतो."

बराच वेळ लागला. मग दारातून त्यांनी मान हलवली. "चल. पण तिच्याकडे बघायचं नाही. जवानाकडेच बघायचं."

प्लेट परत टेबलावर आली. मी खुर्चीत बसले, रेवाला मांडीवर सरळ बसवलं. मी रेवाकडे बघत होते. काका रेवाकडे बघत होते. काकूंकडे कुणीच बघत नव्हतं. काकांनी दात काढले, तुकडा चाखला, अंगठा दाखवला. रेवा खुश. तिनं तुकडा उचलला आणि अर्धा एकदम तोंडात कोंबला.

आणि तिला ओकारी आली. ओक्, ओक्, खोकला. चेहरा लाल. डोळ्यांत पाणी. माझं बोट निघालंच होतं. काकांनी माझं मनगट धरलं. आणि त्या दिवशी खंडारे काका दात नसताना बोलले.

"थांब. आवाज आहे. आवाज आहे तोवर जवान लढून राहिला."

मी थांबले. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही मी. रेवानं खोकून तुकडा पुढे आणला, बाहेर काढला, हातात धरून त्याच्याकडे नीट बघितलं. मग परत तोंडात घातला, थोडासाच. दाबला, दाबला, गिळला. आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. माझी मदत नाही, माझं बोट नाही, काही नाही. सोमवारी मी शाळेत जाणार हे मला तिथंच कळलं, आणि मी तिच्या डोक्यावर तोंड ठेवून रडायला लागले. रेवानं लक्ष दिलं नाही. तिला काम होतं.

रडता रडता माझं लक्ष प्लेटकडे गेलं. गणिताची मास्तरीण, सवय जात नाही. बसलो तेव्हा प्लेटमध्ये आठ तुकडे होते. काकांनी एक चाखला, रेवानं दोन खाल्ले, तिसरा तिच्या मुठीत होता. चार उरायला हवेत. प्लेटमध्ये तीन होते.

मी वर बघितलं नाही, शब्द दिला होता. काकाही बघत नव्हते. ते रेवाकडे तोंड करून बसले होते. खोलीत फक्त कूलरचा आवाज आणि रेवाची मचमच. मग टेबलापलीकडून आवाज आला. जड, सावकाश, एकेक अक्षर ढकलत आणलेला.

"अळणी."

रेवाच्या खाण्यात आम्ही कुणी मीठ घालत नव्हतो, आणि काकांच्या हाताला तीच सवय लागली होती; काकूंच्या भोपळ्यातही मीठ पडलं नव्हतं.

काका उठले. "मीठ आणतो," असं काहीतरी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. ते आले नाहीत, आले नाहीत, म्हणून मी रेवाला घेऊन बघायला गेले. काका ओट्याला टेकून उभे होते, हातात मिठाची बरणी, आणि डोळ्यांतून धारा.

"बेटा," ते म्हणाले, "शिकायत केली तिनं."

मग त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, एका वाटीत चिमूटभर मीठ घेतलं आणि काकूंकडे गेले.